अंगण, परस आणि मधले घर : डोंगरउतारावरच्या पायाचा इतिहास

१

मराठीत 'पाया' हा शब्द इमारतीसाठी जितका वापरला जातो, त्याहून अधिक तो इमारतीशी संबंध नसलेल्या गोष्टींसाठी वापरला जातो. विद्यार्थ्याचा पाया कच्चा असतो, युक्तिवादाला पाया नसतो, संस्थेची पायाभरणी होते, पंचवार्षिक योजनेत पायाभूत सुविधा येतात. बहिणाबाई शिऊरकरांच्या नावे सर्वतोमुखी असलेल्या अभंगात वारकरी संप्रदायाचे देऊळच उभे केले आहे. त्यात पायाचे काम ज्ञानदेवांकडे आहे, आवाराचे नामदेवांकडे, खांबाचे एकनाथांकडे आणि कळसाचे तुकोबांकडे. आम्ही मराठीचे अध्यापक असल्याने हे रूपक वर्षानुवर्षे वर्गात समजावून देत आलो आहोत, आणि ते समजावताना त्यातले एक गृहीत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

ते गृहीत असे : पाया एकदा घातला की त्याचे काम संपले. नंतर येणाऱ्याने आवार वाढवावे, खांब द्यावेत, कळस चढवावा. खालच्या दगडाला त्याची बाधा होत नाही. सपाट जमिनीवर हे बऱ्याच अंशी खरे आहे. डोंगरउतारावर ते खरे नाही. तेथे आवार वाढवणारा माणूस पायाच्या कामात नकळत हात घालत असतो. मूळ घर शंभर वर्षे निर्वेध उभे राहते आणि त्याला जोडलेली नवी खोली चार पावसाळ्यांत तडकते. कधी ती एकटी तडकते, कधी जुन्या घरालाही सोबत घेऊन जाते. याचा दोष आपल्याकडे 'हल्लीच्या बांधकामा'ला दिला जातो. पण गुंतागुंत त्याहून जुनी आहे आणि ती उलगडण्याला एक लांबलचक इतिहास आहे. त्या इतिहासाकडे एकदा सलग पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम उतारावरचे घर बसते कसे ते पाहू. उतारावर सपाट जागा आयती मिळत नाही, ती करावी लागते. वरच्या अंगाला डोंगर कापायचा, निघालेली माती आणि डबर खालच्या अंगाला लोटायचे, ते वाहून जाऊ नये म्हणून कडेला दगडांचा गडगा रचायचा, आणि अशा रीतीने जी पट्टी तयार होते तिच्यावर घर उठवायचे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना हीच रीत आहे आणि जगातील बहुतेक डोंगरी प्रदेशांत थोड्याफार फरकाने हीच आहे. या पट्टीचा अर्धा भाग कापलेला असतो आणि अर्धा भरलेला. कापलेल्या भागातली जमीन मुळापासून तेथलीच, दाबून बसलेली. भरलेल्या भागातली माती पाहुणी.

जाणता गवंडी घर शक्यतो कापलेल्या भागावर घेत असे. भरावावर यायचे ते अंगण, कोकणात ज्याला खळे म्हणतात ते. अंगणावर ओझे कसले, तर माणसांचे, वाळत टाकलेल्या भाताचे आणि चार दिवस मांडवाचे. दरवर्षी पावसाळा संपला की ते चोपून, सारवून पुन्हा सारखे केले जाई. म्हणजे भराव जेवढा खचे, तेवढी त्याची दुरुस्ती वर्षाच्या वर्षाला होत असे. कडेचा गडगा चुन्याविना रचलेला असल्याने त्याच्या सांधींतून पाणी सुखाने बाहेर पडे. घराच्या मागे, कापलेल्या दरडीच्या आणि भिंतीच्या मध्ये, परसाची जागा आणि एक चर मोकळा ठेवलेला असे. डोंगराकडून येणारे पाणी त्या चरातून घराला वळसा घालून निघून जाई.

घर वाढवायचे झाले तर पडवी काढत. पडवीचे छप्पर हलके आणि तिचे लाकडी खांब सुट्या तळखड्यांवर टेकलेले. तळखडा बोटभर खचला तरी वरचे लाकूड तेवढे वाकून घेई आणि गरज पडली तर त्याखाली एक चिपळी सरकवली की काम भागे. या व्यवस्थेला कोणी शास्त्र म्हटले नाही, परंतु तिच्यात एक हिशोब होता. जड भाग मूळ जमिनीवर, हलका भाग भरावावर, आणि पाण्याला दोन्हीकडून वाट.

आता सिमेंटच्या काळात त्याच घराला एक पक्की खोली जोडायची आहे असे समजू. जागा दोनच दिशांना मिळते. पुढे अंगणात यावे, तर खोली भरावावर बसते. मूळ घर बसायचे तेवढे कधीच बसून गेलेले असते, नवी खोली बसायला आता सुरुवात करते, आणि दोघांच्या सांध्यावर तिरकी भेग पडते. मागे परसात जावे, तर दरडीचा पायथा आणखी आठदहा फूट कापावा लागतो. ज्या मातीने वरच्या उताराला टेकू दिलेला होता तीच आपण उचलून नेतो. पहिल्या चुकीत घर डोंगरावरून सरकू पाहते, दुसरीत डोंगर घरावर येऊ पाहतो. आणि दोन्हींत बहुधा एक तिसरी गोष्ट घडते. गडगा काढून तेथे सिमेंटची गुळगुळीत भिंत येते, तिला पाणी जायला भोके ठेवली जात नाहीत, आणि मागचा चर नव्या खोलीखाली बुजतो.

३

उतारावरच्या बांधकामात शत्रू वजन नसून ओली माती आहे, हे ज्ञान फार जुने आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हिअस याने आपल्या दहा भागांच्या ग्रंथात पायाविषयी अनेक ठिकाणी लिहिले आहे. घट्ट जमीन लागेपर्यंत खणावे, ती न लागल्यास ऑल्डर, ऑलिव्ह किंवा ओक यांचे जाळून काळवंडलेले खुंट जवळजवळ ठोकावेत, हा त्याचा सल्ला प्रसिद्ध आहे. त्या मानाने सहाव्या भागातला त्याचा मजकूर दुर्लक्षित राहिला आहे. भिंतीमागे भरलेली माती पावसाळ्यात पाणी पिऊन जड होते, फुगते आणि भिंतीला बाहेर रेटते, असे तो तेथे सांगतो. यावर उपाय म्हणून भिंतीला बाहेरून ठरावीक अंतरावर पुस्त्या द्याव्यात आणि आतून करवतीच्या दातांसारख्या आडभिंती घालाव्यात, म्हणजे मातीचा रेटा एका जागी एकवटत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा परिच्छेद आजच्या कोणत्याही डोंगरी गावच्या ठेकेदाराला वाचून दाखवावा असा आहे.

आपल्या परंपरेत खुंट ठोकण्याची क्रिया तत्त्वज्ञानात शिरली. वेदान्तभाष्यांत 'स्थूणानिखननन्याय' येतो. स्थूणा म्हणजे खांब किंवा मेढ. मेढ रोवताना ती हलवून पाहायची, पुन्हा ठोकायची, पुन्हा हलवून पाहायची. त्याचप्रमाणे सिद्धान्तावर पुन्हा पुन्हा आक्षेप घेऊन तो पक्का करायचा, असा त्याचा अर्थ. शास्त्रकारांनी दृष्टान्तासाठी घेतलेली ही गोष्ट सुतार-गवंड्यांची रोजची परीक्षा होती. प्रत्येक घावाला खुंट किती खाली जातो यावरून त्याची ताकद ओळखणे, हेच तत्त्व एकोणिसाव्या शतकातील अभियंत्यांनी सूत्रांत मांडले. मात्र हा न्याय उभ्या दिशेचा आहे. मेढ पक्की बसली, पण तिच्याभोवतीची सगळी जमीनच चालू लागली तर काय, हा प्रश्न त्यात नाही.

डोंगर आणि पाणी यांच्या संबंधाची जाण मराठीत कोठे सापडत असेल, तर ती दुर्गबांधणीच्या संदर्भात. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे असे बजावले आहे. एखादा झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात, असेही त्यात म्हटले आहे. या निरीक्षणाचा हेतू लष्करी आहे हे उघड आहे. परंतु डोंगराच्या पोटातले पाणी स्थिर नसते, वर काही घडले की त्याच्या वाटा बदलतात, ही समज त्यामागे आहे. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात गडावरच्या बांधकामांची जी नामावळी आहे, तिचा आरंभ विहिरी-तळ्यांनी होतो. हिरोजी इंदुलकरांचे नाव त्याच मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे. दुर्गांच्या निमित्ताने एका बांधकामप्रमुखाचे नाव तरी टिकले. डोंगरावर साधी घरे बांधणाऱ्या गवंड्यांचे, दगड फोडणाऱ्या वडारांचे ज्ञान मात्र कागदावर उतरले नाही. ते हातातून हातात गेले, आणि साहित्य बदलले तेव्हा हातांबरोबर संपले.

४

मातीचा रेटा मोजता येतो, ही कल्पनाही एका डोंगरी किल्ल्यापाशी आकाराला आली, हा योगायोग आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. शार्ल कुलोम हे नाव आपल्याकडे विजेच्या नियमामुळे शाळेपासून माहीत असते. तो मुळात फ्रेंच सैन्यातला अभियंता. १७६४ ते १७७२ या काळात तो कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावर फोर्ट बूर्बाँ हा टेकडीवरचा किल्ला बांधण्याच्या कामावर होता. तेथल्या कामातून पडलेल्या प्रश्नांवर त्याने निबंध लिहिला, तो १७७३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे वाचला, आणि १७७६ मध्ये तो छापला गेला. भिंतीमागची सगळी माती भिंतीला ढकलत नाही. तिच्यातला पाचरीसारखा एक तुकडा सुटून खाली घसरू पाहतो, आणि भिंतीला तेवढ्या पाचरीशी झुंजायचे असते, हे त्याने दाखवले. घर्षण आणि चिकटपणा या दोन गुणांवर माती उभी राहते, हेही त्याने मांडले. तोवर जाडी अनुभवाने आणि अंदाजाने ठरवली जात होती. तिला आता गणित मिळाले.

पाण्याचे कोडे मात्र पुढची दीडशे वर्षे नीट सुटले नाही. तीच टेकडी, तीच माती, उन्हाळ्यात खडकासारखी उभी असते आणि पावसाच्या तिसऱ्या दिवशी वाहू लागते, हे का? पाणी मातीला 'वंगण' लावते, असे सरसकट मानले जाई. प्रागमध्ये १८८३ साली जन्मलेल्या कार्ल टेर्झागीने याचे उत्तर शोधले. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर इस्तंबूलमध्ये शिकवत असताना त्याने अगदी साध्या, हाताशी मिळतील त्या वस्तूंतून उपकरणे जुळवून मातीचे प्रयोग केले. १९२५ मध्ये त्याचा जर्मन ग्रंथ व्हिएन्नाहून प्रसिद्ध झाला. मृदायांत्रिकी या शास्त्राचा जन्म त्या वर्षापासून धरतात.

त्याचे उत्तर सोपे करून असे सांगता येईल. छातीभर पाण्यात नदी ओलांडणाऱ्या माणसाचे पाय तळाला घट्ट टेकत नाहीत. त्याच्या वजनाचा काही भाग पाणी उचलते, आणि म्हणून लहानशी ओढही त्याला वाहून नेऊ शकते. मातीच्या कणांचेही तसेच आहे. कण एकमेकांवर जेवढ्या जोराने टेकलेले असतात तेवढे त्यांच्यातले घर्षण. त्यांच्यामधल्या फटींत पाणी तुंबून त्याचा दाब वाढला की कणांचे परस्परांवरचे टेकणे सैल होते. वजन वाढलेले असते आणि पकड कमी झालेली असते. उतार मग ज्या पातळीवर सर्वांत दुबळा असेल तेथून सुटतो. म्हणून उतारावरच्या पायाचा विचार करताना दगड किती मोठा यापेक्षा पाणी कोठे तुंबते हा प्रश्न आधी येतो. भिंतीला ठेवलेली चार भोके आणि तिच्यामागे भरलेली खडी भिंतीच्या जाडीपेक्षा अधिक काम करतात.

५

शास्त्र इस्तंबूल-व्हिएन्नात घडत असले तरी नियम घडले ते अपघातांतून. आपल्या देशातला या प्रकारचा एक जुना आणि नीट नोंदला गेलेला अपघात नैनितालचा आहे. १८६६ साली आणि पुन्हा १८७९ साली आल्मा टेकडीवर दरड कोसळली होती, तरी वस्ती वाढत राहिली. १६ सप्टेंबर १८८० रोजी पाऊस सुरू झाला. १८ तारखेच्या सकाळी एक लहान दरड येऊन व्हिक्टोरिया हॉटेलच्या बाजूची काही माणसे गाडली गेली. त्यांना काढण्यासाठी सैनिक, अधिकारी आणि मजूर जमले. दुपारी मोठी दरड आली आणि हॉटेल, दुकान, सभागृह यांसह ती मदतीला आलेल्यांनाही घेऊन गेली. १५१ माणसे मेली. त्यांतली १०८ भारतीय होती.

यानंतर प्रशासनाने उतारांची पाहणी करवली, धोक्याच्या उतारांवर बांधकामाला मर्यादा घातली आणि डोंगरभर पक्क्या गटारांचे जाळे बांधले. आमच्या मते या घटनेचे महत्त्व येथे आहे. प्रत्येक घराचा पाया तपासत बसण्याऐवजी सगळ्या डोंगराचे पाणी वाहून नेणे हीच पायाची पहिली व्यवस्था, असे तेथे मान्य केले गेले. तुझ्या घराचा पाया माझ्या घरामागच्या गटारावर उभा आहे, असे मानणारी ती व्यवस्था होती. पुढे शतकभराने त्याच गटारांवर आणि उतारांवर बांधकामे चढली, आणि १९९०च्या दशकात हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गटार बांधणारी पिढी आणि गटारावर खोली वाढवणारी पिढी यांच्यामध्ये आठवणीचा दुवा राहिला नव्हता.

अंगण आणि परस, म्हणजे भराव आणि कापणी, या दोन चुकांची एकत्र परीक्षा पाहायची असेल तर हाँगकाँगकडे जावे लागते. जून १९७२ मध्ये तेथे तीन दिवसांत साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. १८ जूनच्या दुपारी साऊ माऊ पिंग येथे रस्त्यासाठी केलेला उंच भराव पाणी पिऊन सुटला आणि पायथ्याच्या तात्पुरत्या घरांवर चिखल होऊन वाहत गेला. ७१ माणसे मेली. त्याच रात्री शहराच्या दुसऱ्या, श्रीमंत बाजूला, पो शान रोडवर, डोंगराची बाजू कोसळली. तेथे एका बांधकामासाठी उताराचा पायथा खोल कापून ठेवलेला होता. कोटवॉल कोर्ट ही बारा मजली इमारत त्या लोंढ्याने मुळासकट आडवी केली. ६७ माणसे मेली. इमारतीच्या नावात आलेला कोटवॉल म्हणजे आपल्याकडचा पारशी 'कोतवाल'. हाँगकाँगच्या सार्वजनिक जीवनात नाव मिळवलेल्या एका पारशी-चिनी कुटुंबाचे ते आडनाव. एका दिवसात, एकाच पावसात, झोपडीवाल्यांना भरावाने मारले आणि सदनिकावाल्यांना कापणीने.

चौकशी आयोग बसला. तरीही १९७६ च्या ऑगस्टमध्ये साऊ माऊ पिंगलाच दुसरा एक भराव सुटून १८ जण मेले. तज्ज्ञांच्या समितीला आढळले की माती नुसती ओतलेली होती, थरांथरांनी दाबलेली नव्हती. १९७७ मध्ये उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले. जुन्या भरावांचा वरचा तीन मीटरचा थर उकरून पुन्हा दाबून बसवणे, पाणी काढून देणे, असे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे माणसाने केलेल्या हजारो उतारांची यादी झाली. आज तेथे रस्त्याकडेच्या उतारावर क्रमांकाची पाटी दिसते, आणि त्या उताराची निगा कोणी राखायची हे त्या क्रमांकाला जोडलेले असते. घराला क्रमांक असतो तसा डोंगराच्या बाजूलाही असावा, ही कल्पना आपल्याला अजून नवखी आहे.

६

येथे वाचक विचारेल की आता खोलवर पाइल घालण्याची यंत्रे आली आहेत, तर हा सगळा इतिहास कशाला उगाळायचा? भराव वाईट असेल तर तो भेदून खालच्या कातळापर्यंत खांब न्यावा आणि निश्चिंत व्हावे.

पाइलने पुष्कळ साधले आहे यात शंका नाही. जुन्या घराला जोडून काम करण्याच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त शोध इटलीत लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर नादुरुस्त झालेल्या जुन्या इमारतींना खालून आधार कसा द्यावा, हा तेथे मोठाच प्रश्न होता. नेपल्सच्या फोंदेदिले या कंपनीत फर्नांदो लित्सी याने १९५२ मध्ये बारीक व्यासाच्या पाइलची पद्धत काढली. वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, त्यात सळई सोडायची आणि सिमेंटचा पातळ रस दाबाने भरायचा. त्याने याला इटालियनमध्ये 'मुळाचा खांब' अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते अगदी नेमके आहे. जाडजूड एका खांबाऐवजी वेगवेगळ्या दिशांना तिरकी गेलेली अनेक मुळे माती आणि इमारत यांना एकत्र बांधतात. यंत्र लहान असल्याने ते घराच्या आतही नेता येते, आणि ठोकाठोक नसल्याने जुन्या भिंती हादरत नाहीत.

तरीही पाइलच्या मर्यादा आहेत आणि त्या उतारावरच प्रकर्षाने दिसतात. भराव अजून खचत असेल तर तो पाइलला धरून खाली ओढतो. आधार मागणारी माती तिथे उलट ओझे होऊन बसते. पाइल जर घसरणाऱ्या थरातच संपत असेल, तर तो थराबरोबर प्रवास करतो. खालच्या स्थिर खडकात पुरेसा रुतलेला नसेल तर सरकती माती त्याला मध्येच वाकवते किंवा कापते, कारण साधा पाइल उभे वजन पेलण्यासाठी घडवलेला असतो, आडवा रेटा पेलण्यासाठी नव्हे. शिवाय नवी खोली पाइलवर आणि जुने घर दगडी पायावर असेल, तर नवी खोली हलत नाही आणि जुने घर ऋतूप्रमाणे हलत राहते. दोघांना एकाच सळईने बांधून टाकले तर भांडण भिंतीत होते. म्हणून जाणकार अभियंता दोहोंमध्ये सांधा मोकळा ठेवतो. आपल्या पडवीने हेच वेगळ्या भाषेत सांगितले होते.

नियमही आहेत. पायासंबंधीच्या भारतीय मानकात, आयएस १९०४ मध्ये, उतारावरच्या पायासाठी स्पष्ट अट आहे. पायाच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात निदान ६० सेंटिमीटर आणि मातीत निदान ९० सेंटिमीटर असावे. आणि पायाच्या कडेपासून मातीत तीस अंशांनी खाली पसरणारी कल्पित रेषा उताराबाहेर पडू नये. म्हणजे पायाखाली माती आहे एवढ्याने भागत नाही, पायापुढेही ती असावी लागते. आवश्यक तेथे पायऱ्यापायऱ्यांनी पाया उतरवावा, आणि शेजारच्या जुन्या पायाच्या तळापेक्षा एकदम खोल खणून त्याच्याखालची माती सैल करू नये, हा कारागिरांचा जुना दंडकही याच विचारातला आहे. हे सगळे पाइलच्या यंत्रापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. पण ते पाळले जाण्यासाठी वाढीव खोलीला कोणीतरी 'बांधकाम' समजले पाहिजे. घर बांधताना अभियंता येतो. खोली वाढवताना गवंडी येतो आणि सळई-सिमेंटचा हिशोब होतो, जमिनीचा होत नाही.

७

महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत दरडींनी जी गावे नेली त्यांची नावे आता सर्वांना पाठ आहेत. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या गावांत घरांचा पाया कितीही पक्का असता तरी तो उपयोगी पडला नसता, कारण संकट वरून आले. स्वतःच्या जागेपुरता पाया भक्कम करून उतारावरचे घर सुरक्षित होत नाही, हाच नैनितालचा आणि पो शान रोडचा धडा येथे पुन्हा लिहिला गेला.

परंतु माळीणच्या कथेचा उत्तरार्ध आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे आणि तो कमी आठवला जातो. वाचलेल्यांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवण्यात आले. एप्रिल २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. त्याच वर्षी जूनअखेरीस पहिला मोठा पाऊस झाला आणि रस्ते खचले, घरांभोवतीची भरावाची जमीन बसली, भेगा पडल्या. एकदा सर्वस्व गमावलेल्या माणसांनी नव्या अंगणात भेग पाहिली तेव्हा त्यांच्या मनात काय उमटले असेल, त्याची कल्पना करता येते. दुरुस्त्या झाल्या. पण ताज्या भरावाला पावसाळ्यांची परीक्षा द्यावी लागते, आणि नवे गावही उतारावर कापून-भरूनच केलेले होते, ही साधी गोष्ट त्या भेगांनी उघड केली.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न नोंदीचा आहे. जमिनीचा सातबारा काढला तर त्यात क्षेत्र कळते, खातेदार कळतो, पीक कळते. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराचे चौरस फूट कळतात. खोली वाढली की आकारणी वाढते. पण जमिनीच्या उताऱ्यात जमिनीचा उतार नसतो. कोणता भाग कापलेला आणि कोणता भरलेला, गडगा कोठे होता, पावसाळ्यात झरा कोठे फुटतो, चर कोणी बुजवला, हे कोणत्याही कागदावर नसते. हे ज्ञान घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी असते. 'त्या कोपऱ्यात आमच्या आज्याने भर टाकली होती' हे वाक्य एखाद्या मृदापरीक्षण अहवालाइतके मोलाचे असू शकते, आणि ते विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

इतिहासलेखन म्हटले की आपल्यापुढे गड येतात, वाडे येतात, शिलालेख येतात. गावोगावच्या स्थानिक इतिहासाचे काम करणाऱ्या मंडळींनी, आणि आमच्यासारख्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून, डोंगरी गावांच्या जमिनीची ही तोंडी आठवण लिहून घेतली तर ते दप्तर कोणत्याही बखरीपेक्षा कमी उपयोगाचे ठरणार नाही. प्रश्नावली लहानच आहे. घराची कोणती भिंत मूळ जमिनीवर आहे? अंगणाची भर कोणत्या पिढीची? परसाची दरड शेवटची कधी कापली? आपल्या घरामागचे पाणी खाली कोणाच्या घरामागे जाते? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना बहुतेकांना शेजाऱ्याचे नाव घ्यावे लागेल. वाढीव खोलीचा पाया खणायला घेण्यापूर्वी त्या शेजाऱ्याला एकदा बोलावून ती जागा दाखवावी, हे आम्ही आवर्जून सुचवू.